पाविया १५२५ : बंदुकीचं श्रेय आणि बागेची भिंत

पावियाच्या लढाईचा एका वाक्यातला सारांश कुठेही उघडा, तोच मिळतो. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी, मिलानच्या दक्षिणेला पस्तीसेक किलोमीटरवर, स्पॅनिश बंदूकवाल्यांनी फ्रान्सचं चिलखती घोडदळ लोळवलं, राजा पहिला फ्रान्सिस कैद झाला आणि चिलखती सरदारांचं युग संपलं. यातला मधला भाग निर्विवाद आहे. पहिल्याला बऱ्याच अटी लावाव्या लागतात आणि तिसरा सरळ चूक आहे. २०२५ मध्ये लढाईला पाचशे वर्षं पूर्ण झाली, तरी ते वाक्य जागचं हललेलं नाही. म्हणून ही उलटतपासणी.

आधी वेढा, थोडक्यात. ऑक्टोबर १५२४ च्या अखेरीस फ्रान्सिसने पावियाला वेढा घातला. आत स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स याचा सेनापती अंतोनियो दे लेयवा सहा हजारांच्या आसपास शिबंदी घेऊन बसला होता. त्यात जर्मन भाडोत्रींचा भरणा मोठा, म्हणजे पगार थकला की पहिला धोका आतूनच. लेयवाने चर्चमधली चांदी वितळवून १५२४ सालाची वेढ्यातली नाणी पाडली आणि वेळ मारून नेली. फ्रेंचांनी तिचिनो नदीचा प्रवाह वळवून शहराची नदीकडची कच्ची बाजू उघडी पाडायचा घाट घातला. पावसाने त्यावर पाणी फिरवलं. मग फ्रान्सिसने फौजेचा मोठा हिस्सा ड्यूक ऑफ ऑल्बनीबरोबर नेपल्सकडे रवाना केला. लढाईच्या ऐन तोंडावर तर आल्प्समधल्या ग्राउब्युन्डेनचे काही हजार भाडोत्री, आपल्या मुलखाजवळचं कियावेन्ना शत्रूने घेतल्याचं ऐकून, घरी निघून गेले. फ्रेंच सैन्याचा आकडा सांगताना पुष्कळ लेखक इथेच घसरतात. नोव्हेंबरचा आकडा उचलून फेब्रुवारीत वापरला की फ्रेंच फौज फुकटात दुप्पट तगडी दिसते आणि सम्राटाच्या विजयाला चमत्काराची कळा येते. वेढ्यातली शिबंदी धरली तर दोन्ही बाजू त्या दिवशी साधारण तोडीस तोड होत्या.

सम्राट पाचव्या चार्ल्सच्या कुमकेची अवस्थाही काही फार बरी नव्हती. नेपल्सचा व्हाइसरॉय लानुआ मुख्य, पायदळाची सूत्रं पेस्काराच्या मार्क्विसकडे, सोबत फ्रान्सच्या राजाला सोडून आलेला बूरबाँचा ड्यूक आणि आल्प्स ओलांडून जर्मन पायदळ घेऊन आलेला फ्रुंड्सबेर्ग. मंडळी नामांकित, खजिना रिकामा. आणखी काही दिवसांत फौज पांगली असती. हल्ला त्या रात्री झाला तो यासाठी. सम्राटाचा पंचविसावा वाढदिवस २४ तारखेलाच येतो आणि जुन्या लेखकांना त्यात दैवी योग दिसला. मला रिकाम्या तिजोरीचं कारण जास्त पटतं.

आता जागा. ही लढाई मोकळ्या मैदानात झाली नाही, आणि माझ्या मते सगळा उलगडा तिथूनच होतो. विस्कोन्ती घराण्याने चौदाव्या शतकात शहराच्या उत्तरेला शिकारीसाठी एक प्रचंड बाग राखली होती. ती पार चेर्तोझाच्या मठापर्यंत पसरलेली, भोवती विटांची उंच भिंत, परीघ वीस किलोमीटरहून जास्त. आत कुरणं, राया, झुडपांचे पट्टे, व्हेर्नाव्होला नावाचा ओढा आणि त्याला मिळणारे पाट, मधोमध मिराबेल्लोचा शिकारवाडा. वेढा घालणाऱ्या फ्रेंचांना ही भिंत आयती तटबंदी वाटली. पूर्वेकडून आलेली कुमक भिंतीबाहेर अडकली आणि तीन आठवडे दोन्ही फौजा एकमेकींवर गोळे टाकत बसल्या.

२३ च्या रात्री पेस्काराने मोर्च्यांवर थोडे लोक आणि भरपूर गोंगाट मागे ठेवला आणि उरलेली फौज भिंतीच्या कडेने उत्तरेकडे नेली. अंधारात आपला माणूस ओळखू यावा म्हणून चिलखतावर पांढरे सदरे. खिंडार पाडायला तोफ लावली असती तर आवाजाने बोभाटा झाला असता, म्हणून बेलदारांनी पहारी आणि ओंडक्यांनी काम सुरू केलं. इथे हिशेब चुकला. विटांचं बांधकाम अपेक्षेपेक्षा फार चिवट निघालं, तीन खिंडारं पुरी व्हायला जवळजवळ पहाट झाली. मूळ बेत असा दिसतो, की अंधार असतानाच मिराबेल्लो गाठायचं, लेयवाच्या शिबंदीशी हात मिळवायचा आणि फ्रेंचांना वेढा उठवायला लावायचं. निर्णायक लढाई हा त्या बेताचा गाभा नव्हता. भिंत वेळेवर पडली असती तर कदाचित आज पाविया नावाची लढाई नुसती वेढा उठवल्याची नोंद म्हणून राहिली असती. उजाडता उजाडता फौज बागेत अर्धी आत, अर्धी बाहेर अशी सापडली आणि लढाई गळ्यात पडली.

वेळेबद्दल एक व्यावहारिक सूचना, कारण इथे भलेभले चकतात. २४ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पंचांगातली तारीख. आजच्या पंचांगाने ती ६ मार्च. उजेड किती वाजता झाला हे काढायचं तर मार्चचा सूर्योदय धरावा लागतो, फेब्रुवारीचा नाही, आणि फरक पंधरा-वीस मिनिटांचा पडतो. पहाटेच्या चढाईत तेवढा पुरेसा असतो. दुसरं, इटालियन लेखक तास मोजतात ते सूर्यास्ताच्या सुमारापासून. त्यांचा ‘रात्रीचा अकरावा तास’ म्हणजे रात्रीचे अकरा नव्हेत. त्या ऋतूत तो पहाटे पाचच्या आसपास येतो. जर्मन पत्रातली वेळ आणि इटालियन पत्रातली वेळ तशीच शेजारी ठेवली तर भिंत आधी पडली की तोफा आधी धडाडल्या याचा क्रम उलटासुलटा होतो. आधी सगळ्या वेळा एका मापात आणाव्यात, मगच नकाशावर बाण काढावेत.

सकाळी धुकं होतं. सम्राटाकडच्या देल वास्तोचे तीनेक हजार लोक मिराबेल्लोवर पोहोचले आणि त्यांनी तो वाडा घेतला. तिकडे स्विस पायदळ धुक्यात सम्राटाच्या तोफांच्या तांड्यावर आदळलं. आणि मग राजा. फ्रेंच तोफखाना जनुयाकच्या हाताखाली होता आणि तो त्या काळातला उत्तम तोफखाना. बाग ओलांडणाऱ्या शत्रूच्या रांगांवर त्याने चांगला मारा केला. रांगा फुटताना दिसल्या आणि फ्रान्सिसला वाटलं, जिंकलो. आपलं चिलखती घोडदळ घेऊन तो निघाला तो थेट स्वतःच्याच तोफांच्या तोंडासमोरून. जनुयाकला मारा थांबवावा लागला. पहिली धडक जबरदस्त बसली, लानुआचं घोडदळ उधळलं. पण आता राजा पायदळापासून लांब, तोफा गप्प, आणि दोन्ही बाजूंना झाडी. त्या झाडीत पेस्काराचे बंदूकवाले शिरले.

त्या काळची तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी, बंदूक हातात घेतल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची. नळीच्या कानाशेजारच्या, म्हणजे बत्तीच्या छिद्राशेजारच्या, वाटीत रंजक (पेट घ्यायची थोडी दारू) घालून झाकण लावायचं, सांडलेली रंजक फुंकून टाकायची. तोडा फुंकून त्याचा निखारा जागा करायचा, चापाच्या चिमट्यात अडकवायचा, झाकण उघडायचं आणि मग नेम. तोड्याची बहुधा दोन्ही टोकं पेटती असतात, म्हणून दारू ओतताना तो डाव्या हाताच्या बोटांत अंगापासून दूर धरावा लागतो. दुर्लक्ष झालं तर शत्रूच्या आधी आपलाच नंबर. सराईत माणसाचा मिनिटाला एक बार धरा. बिघडायला जागा भरपूर: रंजक सर्दावते, कान चोंदतो, तोडा विझतो, नाहीतर वाटीत नुसता भपका होऊन नळीतली दारू पेटतच नाही. धुक्याच्या सकाळी यातलं सगळंच थोडंथोडं होत असणार. रात्रीच्या कूचात तर पेटत्या तोड्यांचे लाल ठिपके लपवणं हेच एक काम.

आता समोरून चिलखती घोडेस्वार. शंभर मीटर अंतर तो पंधरा सेकंदांत कापतो. म्हणजे बंदूकवाल्याला एक बार मिळतो, दुसरा नाही. उघड्या माळावर दुसऱ्या बाराआधी तो टापांखाली गेलेला असतो. त्यामुळे बंदुकीला आडोसा लागतो. १५०३ मध्ये चेरिन्योलाला खंदक होता, १५२२ मध्ये बिकोक्काला खोलगट रस्ता आणि मागचा बांध होता. पावियानंतर चौदा महिन्यांनी, २१ एप्रिल १५२६ ला, पानिपतावर बाबरने गाड्या कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना बांधल्या आणि तोडेवाले त्यांच्या आड ठेवले. पावियात खणायला वेळच नव्हता. तिथे आडोसा दिला तो विस्कोन्तींच्या झाडांनी आणि पाटांनी, आणि जिथे झाडी नव्हती तिथे भालेकऱ्यांच्या फळीने. छोट्या छोट्या टोळ्या झाडामागून बार टाकायच्या, मागे सरकून ठासायच्या, दुसऱ्या टोळीने तोवर पुढे यायचं. घोडेस्वार वेग घेऊ शकत नाही, वळू शकत नाही, थांबला की घोडा पडतो. राजाचा घोडाही असाच पडला.

त्याच वेळी दुसरीकडे फ्रेंचांकडचे जर्मन भाडोत्री, ज्यांना काळी तुकडी म्हणत, फ्रुंड्सबेर्गच्या जर्मनांच्या दोन फळ्यांमध्ये चिरडले गेले. हे काम मुख्यतः भाल्यांचं, आणि सारांशात ते नेहमी गाळलं जातं. मागून लेयवाची शिबंदी बाहेर पडली. स्विस फुटले, कित्येक तिचिनोत बुडाले. आलाँसाँच्या ड्यूकने फ्रेंचांची पिछाडी घेऊन नदी ओलांडली आणि मागचा पूल मोडला. मागून पळत येणाऱ्यांची वाट बंद झाली. फ्रेंच सरदार बोनिव्हे, ला पालिस, ला त्रेमुय आणि इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारा रिचर्ड द ला पोल, सगळे एका सकाळीत संपले.

मग एवढं सगळं श्रेय एकट्या बंदुकीकडे कसं गेलं? साधनं काळाच्या क्रमाने लावली की ते दिसतं. लढाईनंतर लगेच लिहिलेली पत्रं आणि छापील वार्तापत्रं पाहा. व्हेनिसच्या मारिनो सानुदोने आपल्या दैनंदिनीत अशी पत्रं येतील तशी उतरवून ठेवली. तिचे ५८ खंड छापलेले आहेत. त्यांत गोंधळ आहे, धुकं आहे, राजा सापडल्याचा आनंद आहे. बंदूक आहे, पण अनेक गोष्टींपैकी एक म्हणून. बंदूकवाल्यांच्या टोळ्यांचं ते सुप्रसिद्ध रेखीव वर्णन मुख्यतः पाओलो जोव्हिओच्या पेस्काराचरित्रातून येतं. ते छापलं गेलं १५४० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे घटनेनंतर वीसहून जास्त वर्षांनी. त्याचा नायक पेस्कारा, आणि पेस्काराची विधवा कवयित्री व्हित्तोरिया कोलोन्ना ही जोव्हिओच्या ओळखीतली. नायकाची शक्कल हीच लढाईचं सार ठरणार हे ओघाने आलंच. स्पॅनिश शिपाई ओस्नायाचा वृत्तांत १५४४ चा, तोही त्याच बाजूचा. फ्रुंड्सबेर्गचा चिटणीस राइस्नर याचं पुस्तक १५६८ चं. त्यात अर्थातच जर्मन पायदळ भाव खाऊन जातं. फ्रेंच बाजूच्या द्यु बेलेच्या आठवणी १५६९ ला छापल्या गेल्या, आणि त्यांना पराभवाचं खापर फोडायला माणसं हवी होती: आलाँसाँ, स्विस, बोनिव्हेचा सल्ला. बखर आणि समकालीन पत्र यांत तफावत का पडते हे पानिपतावर वाढलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. तीच चाळणी इथे लावायची.

आकड्यांचा सापळाही बखरीच्याच जातीचा. फ्रेंच हजेरीपटात ‘लान्स’ हे मोजमाप येतं. तो एक स्वार नव्हे, एक चिलखती सरदार आणि त्याचे तिरंदाज-सेवक मिळून बनलेलं पथक. कुणी लान्सला एक धरतो, कुणी सगळी माणसं मोजतो, आणि घोडदळ एका पानावर हजार तर दुसऱ्यावर चार हजार होतं. जर्मन तुकड्यांत दुप्पट पगाराचे अनुभवी शिपाई असत. पगाराच्या रकमेला एकेरी दराने भागून डोकी काढली तर माणसं जास्त निघतात. वर कप्तान मंडळी मेलेल्या आणि पळालेल्यांचे पगारही उचलत असत, ते वेगळं. मृतांच्या बाबतीत सम्राटाकडचे अहवाल फ्रेंचांचे आठ-दहा हजार आणि स्वतःचे काही शे सांगतात. पहिला आकडा बुडालेल्यांसकट शक्यतेच्या कक्षेत बसतो. दुसरा जेत्याचा आहे, एवढं लक्षात ठेवून वाचावा.

चित्रसाधनांत सगळ्यांत मोठी सात भित्तिपटांची मालिका. बर्नार्ट फान ओर्लीच्या आराखड्यांवरून ब्रुसेल्समध्ये विणलेले आणि १५३१ मध्ये चार्ल्सला नजर केलेले हे पट आज नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहेत. प्रत्येकाची रुंदी आठ मीटरच्या वर. २०२४ मध्ये ते अमेरिकेत फोर्ट वर्थ आणि मग सॅन फ्रान्सिस्कोला आले होते, तेव्हा बे एरियातल्या मराठी मंडळींना ते घराजवळ बघायला मिळाले असतील. कपडे, पट्टे, दारूच्या कुप्या, बंदुकीची पकड, छावणीतून पळणाऱ्या बायका आणि सामानाचे खेचर यांसाठी हे पट सोन्याच्या मोलाचे. नकाशा म्हणून मात्र वापरू नयेत. फान ओर्ली लढाईला नव्हता. शिवाय एकाच पटात वेगवेगळ्या वेळचे प्रसंग शेजारी येतात. ब्रुसेल्सच्या आडव्या मागावर आराखडा ताण्याच्या खाली असतो आणि विणकर उलट्या बाजूने विणतो, त्यामुळे तयार चित्र आराखड्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखं येतं. आराखडे करणारे हे जाणून आधीच उलटं काढत. पण पूर्वचित्र आणि पट यांची तुलना करताना डावं-उजवं कुठल्या बाजूचं आहे हे तपासल्याशिवाय ‘फ्रेंचांची उजवी बगल’ असं लिहून मोकळं होऊ नये. सोपी कसोटी: तलवारी कुठल्या हातात आहेत ते पाहा.

विसाव्या शतकातल्या अभ्यासाने काय केलं? बर्लिनमध्ये हान्स डेल्ब्र्युकने एक शिस्त रुजवली: वृत्तांतात लिहिलंय ते त्या जागेत, त्या वेळात, तेवढ्या माणसांना शक्य होतं का, हे आधी मोजा. त्याच वातावरणात १९०७ मध्ये टोमचा पावियावरचा प्रबंध झाला आणि बागेची भिंत, ओढा, अंतरं यांना पहिल्यांदा नीट वजन मिळालं. चार्ल्स ओमनने १९३७ मध्ये इंग्रजी वाचकांसाठी लढाई वाचनीय केली. आजही फिरणारी बरीच कथा त्याच्या मुशीतली. मग १९५५ मध्ये मायकेल रॉबर्ट्सने ‘लष्करी क्रांती’ची कल्पना मांडली. त्याने ती १५६० ते १६६० मध्ये बसवली होती. १९८८ मध्ये जेफ्री पार्करने ती मागे ओढून इटलीतल्या नव्या धर्तीच्या किल्ल्यांपर्यंत नेली. या वादात पाविया उदाहरण म्हणून इतक्या वेळा वापरली गेली की तिचा तपशील झिजून गुळगुळीत झाला.

बर्ट हॉलने १९९७ मध्ये चर्चा पुन्हा दारू-गोळीच्या भौतिकीकडे वळवली. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या शस्त्रागारातल्या जुन्या बंदुकांवर १९८८-८९ मध्ये चाचण्या झाल्या होत्या. गोळीचा नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला साधारण साडेचारशे मीटर, म्हणजे भरपूर. पण गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी हवेत झपाट्याने वेग हरवते, आणि बंदूक चौकटीत पक्की बसवूनही शंभर मीटरवर माणसाएवढ्या लक्ष्यावर निम्म्याच्या आसपास गोळ्या लागल्या. या बंदुका पावियाच्या नंतरच्या आहेत, हे ध्यानात ठेवून आकडे वापरावेत. तरी निष्कर्ष झाडीशी जुळतो: मारा जवळून करायचा होता, आणि जवळ टिकायला आडोसा हवा होता.

घोडदळ संपल्याचं म्हणाल, तर फ्रेंच चिलखती घोडदळ १५४४ ला चेरेझोलेत आणि १५६२ ला द्रूच्या लढाईतही धडका मारत होतं, आणि त्या धडका चांगल्या लागूही पडल्या. ज्याचं युग १५२५ ला संपलं म्हणतात तो सदतीस वर्षांनी मैदानात असणं जरा गैरसोयीचं आहे.

इतिहासकार ज्याँ-मारी ल गालने २०१५ मध्ये वेगळा प्रश्न घेतला: राजा जिवंत पकडला जाणं म्हणजे नेमकं काय झालं? ‘सर्वस्व गेलं, अब्रू तेवढी राहिली’ हे फ्रान्सिसचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य कापून घडवलेलं आहे. आई लुईजला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, माझ्याजवळ अब्रू उरली आहे, आणि सहीसलामत असलेला जीव. जीव गाळला की वाक्य कोरीव होतं आणि शरण आलेला राजा वीर दिसू लागतो. कैदेतल्या काळाची पत्रं आणि कागद शांपोलियों-फिजाकने १८४७ मध्ये एकत्र छापले. मूळ मजकूर तिथे पडताळता येतो.

राजकीय हिशेबात ‘निर्णायक’ हा शब्द कितपत टिकतो तेही पाहू. १४ जानेवारी १५२६ च्या माद्रिदच्या तहात फ्रान्सिसने बर्गंडी द्यायचं कबूल केलं. १७ मार्चला बिदासोआ नदीवर दोन मुलांना ओलीस ठेवून तो सुटला आणि थोड्याच दिवसांत, कैदेत घेतलेलं वचन बांधील नाही म्हणून, त्याने तह झुगारला. मे महिन्यात पोपसकट सगळे चार्ल्सविरुद्ध एकत्र आले. फ्रेंचांनी तुर्कांच्या सुलेमान सुलतानाकडे दूत पाठवले होते. सुलतानाचं उत्तर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ऑगस्टमध्ये मोहाचला त्याच सुलतानाच्या फौजेपुढे हंगेरीचा राजा पडला. सहा मे १५२७ ला सम्राटाच्याच पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं. इटलीतली युद्धं चालली ती १५५९ पर्यंत.

१५२९ च्या कांब्रेच्या तहात चार्ल्सने बर्गंडीची मागणी बाजूला ठेवली आणि मुलांच्या बदल्यात वीस लाख एक्यू खंडणी ठरली. त्यातले बारा लाख रोख मोजायचे होते. एका नाण्याचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आत, म्हणजे चार टनांच्या आसपास सोनं. स्पॅनिश पारखी ते नाणं-नाणं कसाला लावत चार महिने बसले आणि चाळीस हजार हिणकस म्हणून परत केले. ते भरून मिळाल्यावर जुलै १५३० मध्ये मुलं त्याच नदीवर परत मिळाली. बर्गंडी फ्रान्सकडेच राहिलं.